समोरची खोली

पुणं सोडताना आम्हाला कुणी अडवलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच हुरहूर, निरोप, पाणावलेले डोळे शोधू नका. टेम्पो फाटकात आडवा लावला म्हणून सोसायटीच्या वॉचमननं कटकट केली आणि शेजारच्या बाईंनी आमची तुळशीची कुंडी मागून घेतली. एवढाच काय तो समारंभ झाला.

मी एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवायचो. विनाअनुदानित म्हणजे पगार संस्थेच्या मर्जीवर आणि पेन्शन देवाच्या. बायको घरी शिकवण्या घ्यायची. मूलबाळ नाही. कोरोनात ती वाचली, पण फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, आहे ते सांभाळा, गेलेलं परत येणार नाही. तेव्हापासून औषधं, तोंडात मारायचा पंप, आणि रात्री उशाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. शिकवण्या बंद झाल्या, मीही निवृत्त झालो, आणि धायरीतल्या आमच्या दीड खोलीचं भाडं मात्र तरुण होत गेलं. घरमालकानं पुढच्या करारासाठी जो आकडा सांगितला तो ऐकून बायको हसायला लागली. हसताना तिला धाप लागली आणि पंप घ्यावा लागला.

भाडं भरलं तर औषध बसत नव्हतं, औषध घेतलं तर भाडं. सरळ हिशोब होता. तिचा श्वास चालू ठेवायचा तर स्वस्त छप्पर शोधणं भाग होतं.

शाळेतला क्लार्क मूळचा देवळीचा. तो म्हणाला, सर, आमच्याकडं चला, पुण्याच्या भाड्यात तिकडं अख्खं घर मिळते. वर्ध्याहून बसनं देवळी फार लांब नाही, वर्ध्याला मोठी हॉस्पिटलं आहेत, हवा मोकळी आहे. हवा मोकळी आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं. आम्ही दोघं मे महिन्यात घर बघायला गेलो. उन्हानं डांबर बुटाला चिकटत होतं, पण सकाळी आणि संध्याकाळी बायको पुण्यापेक्षा बरी चालली, एवढं मी पाहिलं.

घर पाहिल्यावर तर माझं डोकंच फिरलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात तसं. मागं दोन खोल्या, स्वयंपाकघर, परसात शेवग्याचं झाड, आणि समोर रस्त्याला लागून एक लांबरुंद खोली. आमची पुण्यातली सगळी जागा तिच्यात मावली असती. भिंतींना चुना, छताला एकच दिवा, पंख्याचा हूकसुद्धा नाही. आणि उत्तरेच्या भिंतीत पार वर, माणसाच्या डोक्याच्याही वर, फळीचं झाकण असलेली मोठी बिनगजाची खिडकी. चित्र काढणाऱ्याला उत्तरेचा वरून येणारा उजेड म्हणजे काय, हे मी काय सांगावं. आयुष्यभर पोरांना ट्यूबलाइटखाली सफरचंद काढायला शिकवलं, आणि आता असा उजेड माझ्या घरात येणार होता. मी बायकोला म्हणालो, तुझी कॉट या खिडकीखाली, माझं स्टँड त्या कोपऱ्यात. तीही खुलली. भिंतीवर खांद्याच्या वर सगळीकडं एक पिवळट घासलेला पट्टा होता. मला वाटलं, ओल असेल.

घरमालक साठीचा, सरळ माणूस. बाजूच्याच घरात राहायचा. त्यानं काही लपवलं नाही. दारात उभं राहून तो म्हणाला, "सर, दसऱ्याच्या पुढं थोडा माल ठेवा लागते हो इथं. बाकी साल खोली तुमचीच."

मी म्हटलं, ठेवा की, त्यात काय. कोपऱ्यात दोन-चार पोती असतील, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. देवळीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की ती खिडकी उजेडासाठी नाही, कापूस आत टाकायला आहे. तो पट्टा ओलीचा नाही, आणि त्या खोलीला पंखा नाही त्याचंही कारण आहे. पण आम्ही पुण्याहून आलेले शहाणे. आम्हाला उत्तरेचा उजेड दिसला.

पहिले चार महिने सुखाचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. खिडकीखालच्या कॉटवर ती झोपायची. श्रावणात तर काही रात्री मशीन न लावताही झोपली. सकाळी नगरपरिषदेच्या नळापर्यंत, मग चौकापर्यंत, मग बाजारापर्यंत ती चालायला लागली. तिथली भाषा तिनं इतक्या पटकन उचलली की मीच चिडवायचो. भाजीवालीशी ती "काऊन हो, मेथी एवढी महाग देऊन राह्यल्या?" करायची आणि घरी येऊन मला विचारायची, जमलं का? मी म्हणायचो, सदाशिव पेठेतून तुझं नाव कापलंय गं. घरमालकाची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, पातोडीची भाजी नाहीतर अंबाडीची भाजी झाकून आणून द्यायची आणि बायकोजवळ तासभर बसायची. ती हिला ताई म्हणायची. पुण्यात तीस वर्षांत इतका वेळ आमच्याकडं कुणी बसलं नव्हतं.

दसऱ्यानंतर वहिनींनी तिला शेतात नेलं. कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी तिकडं सीतादही करतात. शेतातल्या एका झाडाला हळदीकुंकू, दहीभात, आणि मग पहिला कापूस वेचायचा. वहिनींनी तो मान आमच्या बायकोला दिला. मी बांधावर उभा होतो. तिनं पहिलं बोंड वेचलं आणि हातात धरून मला लांबूनच दाखवलं. घरी आल्यावर त्यातल्या काही कापसाची वात करून तिनं देवाला लावली. त्या दिवशी ती खूप आनंदात होती आणि तिला आनंदात बघून मीही होतो.

आठवड्याभरात मेटॅडोर आली. दुपारी आम्ही जेवत होतो. खिडकीची फळी बाहेरून ढकलल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ कॉटवर काहीतरी धप्प पडलं. मी धावलो. बाहेर गाडीवर दोन गडी उभे होते आणि टोपल्यांनी कापूस आत लोटत होते. घरमालक दारात आला, कॉट अजून तिथंच पाहून ओशाळला. त्याला वाटलं होतं, दसरा झाला म्हणजे आम्ही आपसूक खोली मोकळी केली असेल. तिथं सगळे करतात. त्यानं स्वतः कॉट उचलून मागच्या खोलीत आणून दिली.

संध्याकाळपर्यंत गुडघाभर कापूस झाला. दुसऱ्या गाडीला कमरेइतका. मग त्याच्या दोन्ही सुना आत उतरल्या आणि पदर कमरेला खोचून कापूस तुडवायला लागल्या. तुडवला म्हणजे दबतो, दबला म्हणजे आणखी मावतो. दिवाळीपर्यंत भिंतीवरचा तो पिवळट पट्टा झाकला गेला आणि कापूस त्याच्याही वर गेला. समोरचं दार बंद झालं. आम्ही परसातून, मागच्या दारानं ये-जा करू लागलो.

कापूस दिसायला किती निरुपद्रवी असतो! पण त्याचे बारीक तंतू आणि पानांचा चुरा सगळीकडं येतो. मधल्या दाराच्या फटीत मी ओलं धोतर कोंबलं, तरी डाळीत तंतू, उशीवर तंतू, तिच्या पापण्यांवर तंतू. ऑक्सिजनच्या मशीनला मागं एक जाळी असते. ती पुण्यात महिन्यानं झाडली तरी चालायची, इथं रोज झाडावी लागे. माझ्याकडं जलरंगाचा एक मऊ ब्रश होता, जपून ठेवलेला. त्यानं मी रोज सकाळी ती जाळी साफ करायचो. त्या घरात मी त्या ब्रशनं दुसरं काहीही काढलं नाही.

दिवाळीनंतर तिचा खोकला बसेचना. चौकापर्यंतचं चालणं बंद झालं, मग नळापर्यंतचं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि विचारलं, घरात धूळ कसली आहे? मी सांगितलं. ते तिकडचेच असावेत, कारण कपाळाला हात लावला नाही की रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "एकतर कापूस हलवा, नाहीतर यांना हलवा."

मी यांना हलवायचा प्रयत्न केला. देवळीत घर शोधलं. रिकाम्या खोल्या विचारत गल्लोगल्ली फिरलो. हंगामात तिथं रिकामी खोली म्हणून काही नसतंच. जिथं भिंती आणि छप्पर आहे तिथं कापूस आहे. एका ठिकाणी तर न्हाणीत भरला होता आणि घरचे लोक परसात चादर बांधून अंघोळ करत होते. वर्ध्यात खोल्या होत्या, पण त्यांचं भाडं ऐकून मला धायरीचा मालक आठवला. शेवटी लाज गुंडाळून त्यालाही फोन केला. आमची जागा केव्हाच गेली होती, आमच्याहून दीडपट भाड्यानं. त्यानं माझी चौकशी मात्र आपुलकीनं केली. माणसाला दार लावून झालं की गोड बोलता येतं.

मग घरमालकाकडं गेलो. भांडायच्याच तयारीनं गेलो होतो, खोटं कशाला बोलू. तो ओट्यावर बसला होता. त्याच्यामागं उघड्या दारातून त्याचं घर दिसत होतं. तिथंही छतापर्यंत कापूस, आणि कापसाच्या कडेला जी हातभर जागा उरली होती तिच्यात त्याचं स्वतःचं अंथरूण. ते पाहून माझं निम्मं भांडण तिथंच गेलं. तरी मी म्हटलं, भाऊ, कापूस विकून टाका, तिला श्वास घेता येत नाही.

त्यानं सरकून मला बसायला जागा केली. "भाव नाई, सर. आता देलं त साल मातीत गेलं. संक्रांत होऊ द्या, भाव उठते. संक्रांतीले पहिली तुमची खोली खाली करतो, शब्द हाय माझा."

वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, ताईले माझ्या सैपाकाच्या खोलीत आणून ठेवा, तिथं कापूस नाई. खरंच नेलं आम्ही. तिथं चूल होती. धूर आणि खोकला यांचं कसं जमायचं? वहिनींनी चूल बंद ठेवून गॅसवर भाकरी केल्या, चार दिवस. पण घरात दहा माणसं, पाहुणे, वेचणीच्या बाया चहाला. बायको चौथ्या दिवशी स्वतःच उठून परत आली. मला म्हणाली, कुणाच्या तरी ताटात बसल्यासारखं वाटतं.

मी चिडलो होतो. तिच्यावर नाही, पण चिडलेला माणूस समोर असेल त्याच्यावर ओरडतो. मी म्हटलं, तू भांडत का नाहीस? तुझ्या छातीवर त्यांचा कापूस ठेवलाय. ती उशीला टेकून बसली होती. एक वाक्य बोलायला तिला आता दोनदा थांबावं लागे.

"त्यांचं अख्खं वर्ष आहे त्या खोलीत," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "आणि भांडून जायचं कुठं, ते सांगा."

माणूस शहर सोडतो तेव्हा त्याला वाटतं, आपण निवड केली. निवड शहरानं केलेली असते. आपण फक्त सामान बांधतो. आगीतून निघून फुफाट्यात पडलो, असं लोक म्हणतील, पण ते खरं नाही. फुफाटा निवतो तरी.

ती संक्रांतीची वाट बघायला लागली. कॅलेंडरकडं तोंड करून झोपायची. वहिनी रोज यायच्या, पाय चेपून द्यायच्या, आणि जाताना मधल्या दाराकडं बघत जायच्या. एकदा मी पाहिलं, त्या दारातलं ओलं धोतर काढून, पिळून, पुन्हा फटीत नीट बसवत होत्या. पौषात तिकडं थंडी कडक पडते. तिच्या ओठांचा रंग मला दिसत होता. मी रंगांचा मास्तर, मला तो ओळखायला डॉक्टर लागला नाही. भोगीच्या आधी घरमालकाच्याच गाडीतून तिला वर्ध्याला नेलं. मशीन, नळ्या, सगळं झालं. तिथले लोक चांगले होते, त्यांनी जे करायचं ते केलं. तिळगुळाच्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटी तिनं मला काही सांगितलं वगैरे नाही. तोंडावर मास्क होता.

तिचा भाऊ पुण्याहून निघाला होता, दुसऱ्या दिवशी पोचणार होता. तोवर तिला घरी ठेवायचं होतं. हॉस्पिटलची गाडी देवळीत आली तेव्हा मी ड्रायव्हरला नेहमीच्या सवयीनं म्हटलं, मागच्या गल्लीतून घ्या, मागचं दार आहे. घरमालक गाडीच्या आडवा आला.

"मागच्या दारानं मयत नेत नाई, सर," तो म्हणाला. "ना आत, ना बाहेर. ताई समोरून जाईन."

आणि त्यानं समोरचं दार उघडलं. दाराबरोबर कापूस बाहेर रस्त्यावर कोसळला. त्यानं कुणाला तरी हाक मारली, त्यानं आणखी कुणाला. चादरी आल्या, धोतरं आली, टोपल्या आल्या. गल्लीतले सगळे पुरुष, ज्यांच्या स्वतःच्या घरात छतापर्यंत कापूस होता, ते आत शिरले आणि गाठोडी बांधून बाहेर टाकू लागले. बाया टोपल्या ओढत होत्या. घरमालकाच्या अंगणात, ओट्यावर, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर कापसाचा ढीग वाढत गेला. कुणी कापसाच्या भावाबद्दल बोललं नाही, दवाबद्दल बोललं नाही. मी गाडीच्या दाराशी तिच्या पायाजवळ बसून ते बघत होतो. भिंतीवरचा पिवळट पट्टा दिसू लागला, मग जमीन दिसली. तासाभरात खोली रिकामी झाली. सुनांनी झाडून, सडा टाकून घेतला. तिच्या कॉटची जागा होती बरोबर तिथं, खिडकीखाली, तिला ठेवलं.

मला त्यांचा राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला. एवढा आला की कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटलं. तीन महिने जे होत नव्हतं ते तासाभरात झालं होतं. आणि त्याच क्षणी त्या माणसांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे, काय करू.

मग कुणीतरी म्हणालं, नाकात घालायला कापूस पाहिजे. एक जण मेडिकलमधून बंडल आणायला निघाला. वहिनींनी त्याला थांबवलं. त्या बाहेर गेल्या, ढिगातून मूठभर कापूस घेतला आणि तिच्या उशाशी येऊन बसल्या. सरकी एक एक करून बोटांनी काढली, पानांचा चुरा निवडला, फुंकर घातली, आणि दोन लहान बोळे केले. ते तिच्या नाकपुड्यांत घालताना त्यांचे हात थांबले. "ताई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते घातले. मला बघवलं नाही. मी वर खिडकीकडं पाहिलं. तिथून चांगला उजेड येत होता.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आल्यावर ती समोरच्या दारानं गेली. तिसऱ्या दिवशी मी आणि तिचा भाऊ अस्थी घेऊन परत आलो, तर अंगणातला कापूस ताडपत्रीखाली होता, कडेचा दवानं काळवंडला होता. घरमालक ओट्याच्या पायरीवर उभा होता. हातातली टोपी फिरवत होता. मला पाहून काहीतरी बोलायला आला आणि परत गेला. मग पुन्हा आला.

"सर," तो म्हणाला, "वापस भरू का?"

रिकामी खोली मला दारातून दिसत होती. तिच्या जागी लावलेली पणती अजून जळत होती. आता त्या घरात असं कुणी उरलं नव्हतं की ज्याचा श्वास अडेल.

मी म्हटलं, "भरा."

दुपारी पुन्हा टोपल्या चालू झाल्या. तिचा भाऊ मागच्या खोलीत बसून राहिला, त्याला ते सहन झालं नाही. सुना सुतकाच्या घरात उतरायला कचरत होत्या. त्यांचं बरोबरच होतं. मग मीच पॅन्ट दुमडली, आत उतरलो, आणि खिडकीखालच्या कोपऱ्यापासून कापूस तुडवायला लागलो.